रिकामं क्षितिज

समुद्रात एकटाच अडकलेल्या माणसाचा सिनेमा होता, त्यामुळे मागे दुसरी होडी दिसून चालणार नव्हतं. चित्रीकरणात चुकून आलेल्या होड्या संगणकावर पुसून टाकायचं काम तिचं. स्टुडिओतले लोक तिला 'समुद्राची झाडूवाली' म्हणायचे.

क्षितिजावरचा एक ठिपका मात्र काही केल्या जाईना. संध्याकाळी पुसावा, तर सकाळी तिथेच, थोडा मोठा झालेला.

"सेव्ह करायला विसरतेस तू," सर म्हणाले. तिने तेही तपासलं. मग मूळ चित्रण काढून पाहिलं. त्यात ठिपका नव्हताच.

आज त्या ठिपक्याची होडी झाली होती. होडीत उभा असलेला माणूस माशी हाकलल्यासारखा हात हलवत होता. असा हात फक्त बाबा हलवायचे. बोटीवर कामाला गेलेले बाबा परत आलेच नव्हते, आणि आई अजूनही दाराला आतून कडी लावू देत नव्हती.

"अगं, अजून आहेच का ते?" पलीकडच्या टेबलावरून सर ओरडले. "दुपारी सिनेमा द्यायचाय. थांब, मीच येऊन पुसतो."

"पुसतेय ना, सर," ती म्हणाली आणि तिने माउसवरचा हात काढून घेतला.

पडद्यावरचं चित्र थांबवलेलं होतं. तरीही बाबांनी हात खाली घेतला, वल्ही उचलली आणि होडी सरळ तिच्याकडे वळवली.

मागे सरांची खुर्ची सरकली.

"बाबा, जरा लवकर," ती पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली.