डोक्यावर घागर असली की

"चतुराबाई, तुम्हाला खरंच आंदणात दिलं होतं का? भांड्यांसोबत?"

सुनेत्राने एका दमात विचारून टाकलं. कुंपणापलीकडे तिच्या दोघी मैत्रिणी कान टवकारून उभ्या होत्या. विचारलंस तर ओंजळभर चिंचा, नाही विचारलंस तर वर्षभर भित्री म्हणू, अशी पैज होती.

सेलूच्या मुलींच्या शाळेत पाणी भरणाऱ्या चतुराबाईंनी घागर खाली ठेवली. साठी उलटलेली बाई, तोंडात चारच दात. आता रागावणार असं वाटेपर्यंत त्या हसल्या.

"भांड्यांच्या आधी," त्या म्हणाल्या. "यादीत गाईच्या खाली अन् समईच्या वर मी व्हते. तुला कामून पायजे गं माय?"

सुनेत्राला ते पाहिजेच होतं. वैशाखात तिचं लग्न होतं, बोरीच्या जमीनदार घरात. तिच्यासोबत नऊ वर्षांची बायना जायची होती, काकांच्या शेतावरच्या गड्याची पोर. घरात तिला पाठराखीण म्हणत. पण पाठराखीण चार दिवसांनी परत येते. बायनाच्या परत येण्याचं कुणी बोलतच नव्हतं. सुनेत्राने कालपर्यंत वर्गात तिच्यावरून मिजास मारली होती.

शनिवार होता, शाळा सकाळीच सुटलेली. चतुराबाई म्हणाल्या, नुसतं सांगण्यात काय मजा, चल, त्या घरातून पळाले तशी चालून दाखवते. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी रिकामी घागर उचलली आणि सुनेत्राच्याच डोक्यावर ठेवली. पदर पुढे ओढ, मान ताठ, घाई करायची नाही. एवढं बजावून त्या दहा पावलं मागे राहिल्या.

ज्या घरात त्यांना आंदण म्हणून आणलं होतं तिथूनच सुरुवात केली; तिथे आता कापसाचे बोंद्रे, मोठाली पोती, भरलेले होते. तिथून वळण, मग विहीर, मग बाजार. बाजारात बन्सीधर दुकानदार बसला होता. हा माणूस एरवी सुनेत्रा दिसली की, कुठं निघालात, नाना मास्तर काय करायलेत, लग्नाचं कुठवर आलं, सगळं विचारायचा. आज त्याने मान वर केली, घागर पाहिली आणि पुन्हा गुळावरच्या माश्या हाकलू लागला.

नाक्यावर जकात वसूल करणारा करोडगिरीचा जवान गाड्यांतल्या पोत्यांत लोखंडी सळई खुपसून माल तपासत होता. बैलांच्या झुलीसुद्धा त्याने उचलून पाहिल्या. घागरवालीसाठी तो बाजूला सरकला, एवढंच.

सुनेत्राला हसू आवरेना. मास्तरांची मुलगी भर दुपारी गावातून चालत गेली आणि ती कुणालाच दिसली नाही. रुळांजवळच्या लिंबाखाली पोचताच तिने घागर उतरवली आणि पोट धरून हसली. चतुराबाईही हसत होत्या.

"अशीच मी गेले. सतरा वर्साची. डोईवर घागर असली की बाई कुठं चालली, कुणी पुसत न्हाई. गाडीत बसले अन् पूर्णेला उतरले."

"आणि घरच्यांनी शोधलं नाही?"

शोधलं तर. घागर घेऊन गेलेली पोरगी परत आली नाही, म्हणजे विहिरीतच पडली असणार, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. दोन दिवस गळ टाकले. मग विहीर उपसली. मग पाणी बाटलं म्हणून भटजी बोलावून विहिरीची शांत केली.

"विहिरीची शांत केली, माझं तेरावं न्हाई," चतुराबाई डोळे पुसत म्हणाल्या. हसून हसून पाणी आलं होतं. "म्हणून तर चार वर्सानी जिनिंगवर कामाला बिनघोर हितंच आले. मेलेल्या बाईला कोण धरणार?"

सुनेत्राला ती बाई इतकी आवडली की तिने पुढचा काही विचार न करता विचारलं. पूर्णेला कशाला गेलात, सरळ आईकडे का नाही गेलात?

चतुराबाईंनी घागर कमरेवर घेतली.

"कुठल्या वाटंनं जाणार? आठ वर्साची आणली व्हती मला. गाव कुठल्या अंगाला हाय, तेच ठावं नव्हतं."

आणि शाळेचे माठ कोरडे पडलेत म्हणत त्या निघून गेल्या.

सुनेत्रा घरी आली तेव्हा बायना माजघरात नव्या साड्यांच्या घड्या घालत होती. तिला या घरात आणून दोन महिने झाले होते, तेवढ्यात घडी अगदी चापून येऊ लागली होती. सुनेत्रा तिच्यासमोर बसली आणि तिने विचारलं, बायना, तुझं गाव कुठल्या बाजूला आहे?

बायनाने दाराकडे बोट दाखवलं. मग जरा थांबून खिडकीकडे. मग ते बोट तिने साडीच्या घडीत लपवलं.

जेवणाची पानं मांडली होती. नाना पाटावर बसलेच होते, आई वाढत होती. सुनेत्रा पाटावर बसली नाही. तिने उभ्यानेच सांगितलं की बायना तिच्यासोबत बोरीला येणार नाही.

"आता हे काय नवीन? बोरीकरांना शब्द दिलाय," आई म्हणाली. "आणि तिथं तुझ्या हाताखाली कोण?"

"कुणी नको. शब्द तुम्ही दिलात, आई. बायनाला कुणी विचारलं? तिच्याशिवाय मी चालत असेन तर वैशाखात जाते. नसेन चालत, तर मॅट्रिकला बसते."

आईचा भात भातवाढीतच राहिला. नानांनी मुलीकडे पाहिलं. ही एवढं बोलते हे त्यांना ठाऊक नसावं. त्यांनी आईकडे न पाहताच विचारलं, मग कधी पोचवायची म्हणतेस?

"उद्या. मीच नेते, तिच्या आईच्या हातात देते."

"बरं. सकाळी गाडी जुंपायला सांगतो. दोन कोस आहे."

"गाडी नको, नाना. आम्ही चालत जाणार," सुनेत्रा म्हणाली. "गाडीत बसून वाट पाठ होत नाही."