आर्सेलीचं ताट

"या, या, दमला असाल," सासूबाई दारातच म्हणाल्या. "एवढ्या बर्फातून यायचं म्हणजे काय चेष्टा आहे!"

आर्सेलीला हसू आलं. फुमीबाईंनी सुनेला अहो-जाहो करावं, म्हणजे हा टोमणाच. नवऱ्याला आणि म्हाताऱ्या सासूला सोडून सून सिंगापूरच्या हॉटेलात नोकरीला गेलेली. एवढं ऐकून घ्यायची तयारी तिनं विमानातच केली होती.

"आई, टोमणे सावकाश मारा. आधी पाय शेकू द्या," म्हणत तिनं बूट काढले. सासूबाईंनी तिच्यासमोर सपाता सरकवल्या. त्या कोऱ्या होत्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या.

तिला फार राहायचं नव्हतंच. लग्नाच्या जोरावर मिळालेलं कायम वास्तव्याचं कार्ड टिकवायचं, तर परतीच्या परवान्याची मुदत संपायच्या आत जपानात पाऊल टाकणं भाग होतं. ते टाकून झालं होतं. उद्या नवऱ्याबरोबर, कोसाकुबरोबर, शहरातल्या कचेरीत जायचं, नवा परवाना घ्यायचा आणि पुन्हा सिंगापूर गाठायचं. तिला नोकरी हवी होती आणि हे घरही हवं होतं. दोन्ही हवं असण्यात तिचं काय चुकलं, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

आतल्या खोलीत रजई घातलेलं बैठं मेज होतं. भोवती चौघांची पानं मांडलेली. आर्सेली सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराजवळ, आपल्या जागेवर बसायला वळली.

"तिथं नको. तुम्ही इकडे बसा," सासूबाईंनी तिला भिंतीवरच्या चित्राखाली बसवलं. देवळातले पुरोहित आले की त्यांना बसवायचे, ती जागा. समोर कागदी पाकिटातल्या, वापरून टाकून द्यायच्या चॉपस्टिक्स होत्या. तिच्या लाल चॉपस्टिक्स आणि लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिच्या हातून टवका उडालेला वाडगा, दोन्ही दाराजवळच्या रिकाम्या जागेपुढे मांडलेलं होतं.

"ते ताट कुणाचं, आई?"

"आर्सेलीचं," सासूबाई म्हणाल्या आणि त्या ताटात मासा वाढू लागल्या.

मग तिच्या ध्यानात आलं. परगावी गेलेल्या माणसासाठी घरी रोज ताट मांडायची इकडची जुनी रीत. सासरे हिवाळ्यात टोकियोला मजुरीला जात, तेव्हा फुमीबाई त्यांचंही मांडायच्या. भाताच्या वाडग्यावरचं झाकण उचलून बघायचं. आतून दव धरलं असेल, तर माणूस सुखरूप. आणि माणूस घरी आलं की ताट बंद. म्हणजे म्हातारीनं इतके दिवस आपलं ताट मांडलं! आर्सेलीला भरून आलं. आज बंद करायचं तेवढं त्या विसरल्या होत्या.

"अहो आई, मी आले ना आता. आणा इकडे, तेच जेवते मी." तिनं लाल चॉपस्टिक्सकडे हात नेला.

"असू द्या हो!" सासूबाईंचा आवाज चढला. "तिच्या चॉपस्टिक्सना कुणी हात लावलेला तिला खपत नाही."

ते खरंच होतं. आर्सेलीला ते कधीच खपलं नव्हतं.

तिनं हात मागे घेतला. "कोसाकु, तू तरी सांग ना आईंना."

कोसाकु मान खाली घालून माशातले काटे काढत होता. बसथांब्यापासून घरापर्यंत तो धड बोलला नव्हता. "सुरुवातीला मलाही चमत्कारिकच वाटायचं," तो हळूच म्हणाला. काटे काढलेला तुकडा त्यानं शेजारच्या रिकाम्या जागेपुढच्या ताटात ठेवला. मग त्या जागेकडे वळून नेहमीच्या, घरगुती आवाजात म्हणाला, "उद्या जरा शहरात जाऊन येतो. यांचं कचेरीत काम आहे. जेवायला येतोच."

आर्सेलीनं तिकडे पाहिलं. त्या जागेवरची गादी मधोमध दबलेली होती, नुकतं कुणी नीट सावरून बसावं तशी.

तिनं घाईघाईनं पर्समधून कार्ड काढलं आणि सासूबाईंपुढे धरलं. "हे बघा! माझं नाव, माझा फोटो, ह्याच घराचा पत्ता. मी इथंच राहते!"

फुमीबाईंनी चष्मा चढवला. कार्ड दिव्याजवळ नेऊन फोटो पाहिला. मग रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग पुन्हा फोटो पाहिला.

"छान आलाय हो आमच्या आर्सेलीचा फोटो," त्या कौतुकानं म्हणाल्या. "बरं झालं, तुम्ही आठवणीनं आणून दिलंत. तिला लागेल ते." आणि त्यांनी कार्ड लाल चॉपस्टिक्सच्या शेजारी ठेवून दिलं.

कार्ड हाताच्या अंतरावर होतं. आर्सेलीचा हात काही उठेना.

सासूबाईंनी त्या ताटातल्या भाताच्या वाडग्यावरचं झाकण उचललं आणि उजेडात उलटं धरलं. आतून टपोरे थेंब धरले होते. एक ओघळून मेजावर पडला. कोसाकुनं सुटल्यासारखा श्वास सोडला.

"सुखरूप आहे," फुमीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा समाधानानं उजळला होता. "तुम्हीही जेवा हो, गार होईल."

आर्सेलीनं आपल्या वाडग्यावरचं झाकण काढलं. गरम भाताची वाफ थेट तिच्या तोंडावर आली. तिनं झाकण उलटं केलं आणि आतून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

झाकण कोरडं ठणठणीत होतं.