खिळ्यांचे टायर

फिनलंडमधल्या ओउलू शहरात रस्ते गोठले, तशी साइमीनं वडिलांच्या सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या कोटाच्या खिशात टाकली.

“ब्याऐंशी वर्षांचे झालात बाबा. हाडं मोडून घ्यायची हौस आहे का?”

“अगं, सायकलच्या टायरना बर्फात रुतणारे खिळे आहेत,” वेइक्को हसले. “माझ्या बुटांना कुठे आहेत?”

साइमीनं ऐकलं नाही.

वेइक्कोंचं दफन उरकल्यावर शेजारची म्हातारी हिल्या आपल्या सायकलवर बसता बसता थांबली. डोळे पुसत म्हणाली, “दारात धडधाकट सायकल असताना हा वेडा दूध आणायला त्या बर्फावरून चालत कशाला गेला गं?”

“हट्टीच होते ते,” साइमी म्हणाली. खिशातली किल्ली तिनं मुठीत घट्ट धरली होती.