बेचाळिसावं पान

‘उंदराच्या हृदयाच्या इजा झालेल्या पेशी पिंजून त्यांचे पेळू केले आणि चातीवर पीळ दिला.’ बांधणीला आलेल्या प्रबंधाच्या बेचाळिसाव्या पानावर असं छापलं होतं.

गेल्या वर्षी सुती धाग्यावरचा प्रबंध मीच बांधला होता. या दिवट्या संशोधकाने त्यातलं पान जसंच्या तसं उचलून कापसाच्या जागी पेशी घातल्या होत्या. सूतगिरणीत बारा वर्षं काढलेल्या मला ते कळणार नाही? त्याला दाखवलं, तर न बघताच म्हणाला, “काका, तुम्ही फक्त बांधा. वाचायला तज्ज्ञ आहेत.”

बरं! पाचही प्रतींत ते पान मी समोरच्या पानाला डिंकाने चिकटवून टाकलं.

दोन महिन्यांनी स्वारी पेढे घेऊन हजर. त्याच प्रतींना आता जाड पुठ्ठा आणि नावाआधी सोनेरी ‘डॉक्टर’ हवं होतं. “परीक्षकांनी शब्दन् शब्द वाचला, काका!”

मी पाचही प्रती त्याच्यासमोर उघडल्या. एकाही विद्वानाने ते पान सोडवलं नव्हतं.

डिंकावर बोट फिरवून तो माझ्यावरच खेकसला, “काय हे गलथान काम! बांधताना लक्ष कुठे असतं तुमचं?”