ग्राहकाचं नाव

"कृपया ग्राहकाचं नाव सांगा," भिंतीवरच्या टीव्हीतली बाई सातव्यांदा म्हणाली.

बनाबाईनं पदराचं टोक दातात धरलं आणि टीव्हीकडं पाठ फिरवली.

वळसंगच्या दूध संकलन केंद्रात दोघीच होत्या. टीव्हीतली धरली तर तिघी. दूध थंड ठेवायची टाकी मघाशी घर्र करून जी गप्प झाली, ती झालीच. आत चाळीस घरांचं सातशे लिटर दूध. वर पत्रा, पत्र्यावर असं ऊन की कावळासुद्धा एका पायावर बसावा. टाकीवरचा तापमानाचा लाल आकडा चारावरून सातावर आला होता. दहाच्या पुढं गेला की टँकरवाला दुधाकडं ढुंकून बघत नाही, सगळं ओढ्यात ओतावं लागतं.

कोपऱ्यात उत्कर्षा वही घेऊन बसली होती. यंत्र बिघडलं की माणसानं टीव्हीशी बोलायचं, टीव्हीनं मेकॅनिक धाडायचा, यावर तिचा तीन वर्षांचा अभ्यास. बटण नाही, अर्ज नाही, नुसतं तोंडानं सांगायचं. बनाबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तर उत्कर्षानं हे केंद्र निवडलं होतं. नियम एकच, बघणाऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही.

टाकी कंपनीच्या दप्तरी मायाप्पाच्या नावावर. मायाप्पा म्हणजे बनाबाईचा नवरा. त्याला पहाटेच पोरानं, बिरप्पानं, सोलापूरला दवाखान्यात नेलं होतं. काळजाची नळी तुंबली होती, ती आज उघडणार होते. म्हणून काल उत्कर्षानं टीव्हीला बनाबाईचा आवाज शिकवला. नाव तेवढं बदललं नाही. नाव काय, कुणीही सांगेल, असं तिला वाटलं.

आकडा आठावर आला आणि तिला राहवलं नाही.

"मावशी, सांगा की नाव!"

"सांगितलं की तिला. बिरप्पाचा बाप म्हणलं. खंडोबाच्या देवळाम्होरलं घर म्हणलं. येवड्यावर पोस्टमन येतोय. हिलाच काय झालंय?"

"तिला नावच लागतं हो."

"मग तू सांग. तुजा न्हवरा न्हाय त्यो."

उत्कर्षानं वही खाली ठेवली. गेला नियम खड्ड्यात. टीव्हीपुढं उभं राहून ती ओरडली, "मायाप्पा!"

"हा आवाज ओळखीचा नाही," टीव्हीतली बाई म्हणाली. "कृपया ग्राहकाचं नाव सांगा."

हे ओळखीचं कुलूप उत्कर्षानंच घातलं होतं. तिनं घाईनं कंपनीला फोन लावला. तिकडूनही तीच बाई बोलली, तितकीच गोड. तक्रार फक्त टीव्हीवर.

"मावशी, एकदाच. हळूच घ्या. कुणाला कळतंय?"

"हळूच?" बनाबाई वळली. "आमच्या चुलतसासूनं घेतलं हुतं हळूच. वांग्याच्या वाफ्यात बसून, तोंडावर पदर घिऊन. न्हवरा तिकडं मैंदर्गीच्या बाजारात. तितनं बैलगाडी जी उधळली! बैलं घरला आली, गाडी आली, चाबूक आला, त्येचा फेटासुदिक आला बग घडी घातल्याला. मानूस न्हाय आला."

उत्कर्षाला हसू फुटलं, आणि तिथंच विरलं. बनाबाई हसत नव्हती.

"येरवी घेतलं बी असतं मी. चाळीस घरची लेकरं हायत, मला कळत न्हाय व्हय? पन आज? आज त्येंच्या छातीत तार घालनार हायत, पोरी."

उत्कर्षानं वही उचलली. वहीत 'अडचण' असा एक रकाना होता. तो कोराच होता.

आकडा नऊ झाला.

बनाबाईनं तो बघितला. आकडे तेवढे तिला वाचता येत होते. ती मोरीवर गेली, हात धुतले, पदराला पुसले. गळ्यातले काळे मणी मुठीत धरले आणि टीव्हीपुढं येऊन उभी राहिली. ओठ हलले, आवाज आला नाही. मग पायातला काटा उपटावा तसं तिनं एका दमात उपटलं.

"मायाप्पा."

"धन्यवाद, मायाप्पा. आपली तक्रार नोंदवली आहे. मेकॅनिक निघाला आहे. दहा मिनिटांत पोहोचेल."

उत्कर्षा टाळी वाजवणार होती. पण बनाबाईनं तोवर फोन कानाला लावला होता. बिरप्पाचा नंबर. रिंग जात होती. एक. दोन. पाच. मण्यांची मूठ सुटेना. नऊ. दहा.

"अगं, काय?" मायाप्पाच बोलत होता. "अजून आत न्हेलं न्हाय. डॉक्टर च्या प्यायला गेलाय. दूध बरं हाय न्हवं?"

बनाबाई भुईवरच बसली.

"अगं, दूध!"

"बर्फावानी हाय," ती म्हणाली.

"मायाप्पा, आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" टीव्हीतली बाई म्हणाली. "मायाप्पा?"

"कोन गं ती? मला नावानं हाका मारायलीया?"

बनाबाईनं मान वर करून टीव्हीकडं बघितलं.

"हाय एक," ती म्हणाली. "तिचा जीव कुनात अडकल्याला न्हाय."