बारवेबाहेरचा दगड

आभासी खेळाचा पोशाख अंगावर चढवला आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीचे मालक परचुरे यांचा घसा खरोखरच कोरडा पडला. या नव्या खेळात तहानसुद्धा लागायची. समोर, हा खेळ रचणाऱ्या उत्पलाने दगडन् दगड मोजून उभारलेली तिच्या गावची बारव होती. परचुरे पाणी प्यायला निघाले, पण पहिल्या पायरीच्या अलीकडे एका ओबडधोबड दगडापाशी त्यांचे पाय अडले ते अडलेच. भरल्या कळशा घेऊन बायका वर येत आणि त्यांना वळसा घालून जात.

“माय, थोडं पाणी वाढा,” ते पुन्हा पुन्हा म्हणाले. कुणी थांबलं नाही.

शेवटी पोशाख उतरवून ते घटाघटा पाणी प्यायले. “बारव सुरेख झालीय. तेवढा दगड काढून टाक.”

“बारव राहील तर दगडही राहील,” उत्पला म्हणाली. “माझ्या पणजीला पायरी उतरू देत नव्हते. ती तिथंच बसायची. प्रत्येकाचा खेळ तिथूनच सुरू होईल.”

“मग किती वेळ थांबायचं, ते तरी स्क्रीनवर दाखव.”

“पणजीलाही ते कुणी सांगितलं नव्हतं, सर.”