मैदानाला एक फेरी

तैवानमधल्या तैनान शहरातल्या एका शाळेत मी एका दिवसापुरता बदली शिक्षक होतो. तिसरीतली यी-रुई भर गणिताच्या परीक्षेत उठून दाराकडे धावली. “बस खाली! नाहीतर शून्य देईन,” मी दार अडवून ओरडलो. ती थांबली, पण पाय थांबेनात. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, तिला एडीएचडी आहे. एका जागी बसवतच नाही. आमच्या बाई तिला मैदानाला एक फेरी मारू देतात.” “आणि परत नाही आली तर?” “येते हो!” सगळा वर्ग म्हणाला. मी बाजूला झालो. ती सुसाट जिना उतरली. खिडकीतून पाहतो तो शाळेचं फाटक उघडं, पलीकडे भरधाव स्कूटरी! चार मिनिटांनी ती धापा टाकत परतली आणि मान खाली घालून गणितं सोडवू लागली. मी तिच्या वयाचा असताना मास्तर मला बाकाला बांधायचे.